१९६९च्या रोड रनरचं मूळ फायबरचं बॉनेट : टाकायचं की वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमधल्या एका मराठी वाचकांनी १९६९ची प्लिमथ रोड रनर घेतली आहे, ए-१२ पॅकेजची. गाडीवर फायबरग्लासचं मूळ बॉनेट आहे, पण त्याची अवस्था बरी नाही. बॉनेट अडकवायच्या पुढच्या दोन्ही पिनांच्या भोकांभोवती चांदणीसारख्या भेगा आहेत, स्कूपच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या उंचवट्याच्या, बुडाशी एक लांब तडा आहे, डावीकडचा पुढचा कोपरा वर उचललेला आहे आणि वरून कुणीतरी केव्हातरी जाड लांबी (पुट्टी) भरून ठेवली आहे. बॉडी शॉपवाल्याचं म्हणणं, 'हे टाका, नवीन रिप्रॉडक्शन (हुबेहूब नक्कल) बसवा.' वाचकांचे प्रश्न दोन : हे बॉनेट वाचेल का, आणि वाचवायचं तर काचेचे तंतू बांधून कडक होणारं रेझिन पॉलिएस्टर वापरायचं की इपॉक्सी?

वाचेल. तुम्ही सांगितलेल्यातलं काहीही असं नाही की ज्यासाठी हे बॉनेट टाकावं लागेल. ते टाकू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

हा आग्रह का, ते गाडी ओळखणाऱ्यांना सांगावं लागत नाही, पण इतरही वाचणार आहेत म्हणून लिहितो. १९६९च्या हंगामाच्या मध्यात क्रायस्लरने रोड रनर आणि डॉजच्या सुपर बी या दोन गाड्यांसाठी ए-१२ हे पॅकेज काढलं. ४४० घनइंची, म्हणजे ७.२ लिटरचं इंजिन, त्यावर एडलब्रॉकचं अ‍ॅल्युमिनियमचं मॅनिफोल्ड आणि होलीचे तीन कार्ब्युरेटर, ताकद ३९० अश्वशक्ती. चाकांना व्हीलकॅप नाहीत, नुसत्या काळ्या लोखंडी रिम. आणि वर हे मॅट काळं, मोठ्या स्कूपचं बॉनेट. त्याला बिजागऱ्याच नाहीत. चार कोपऱ्यांतल्या चार पिना काढायच्या आणि आख्खं बॉनेट उचलून बाजूला ठेवायचं. गाडीचा रंग कुठलाही असो, बॉनेट काळंच. चॅसिस नंबरातलं पाचवं अक्षर 'एम' असेल तर गाडी खरी ए-१२. या गाड्या डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यात बनल्या. तुमच्या नंबरात ते अक्षर आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तर प्रश्नच मिटला. इंजिन पुन्हा बांधता येतं, सीटची कापडं नवी मिळतात, पण त्या काळचं हे बॉनेट नव्याने कुणी बनवून देणार नाही. पेट्रोल पंपावर काढून भिंतीला टेकवलेली, वाऱ्याने पडलेली, गॅरेजच्या माळ्यावर वाकडी होऊन पडलेली अशी कितीतरी बॉनेटं गेली. तुमचं गाडीवर टिकून आहे.

रिप्रॉडक्शन वाईट असतं असं मी म्हणत नाही. रोज चालवायच्या गाडीला ते चांगलंच आहे. पण ते बसवायला सोपं असतं हा समज काढून टाका. कडा घासा, फटी जुळवा, पिनांची भोकं मारा, पृष्ठभागावरची सुईएवढी छिद्रं भरा, हे सगळं तिथेही करावंच लागतं. शॉपवाला मूळ बॉनेट टाकायला सांगतो, कारण फायबर दुरुस्तीत किती तास जातील याचा अंदाज त्याला बांधता येत नाही. त्याची अडचण मला कळते, पण ती त्याची अडचण आहे, बॉनेटची नाही.

आता कामाचं. भेगा भरायला घेण्याआधी त्या का पडल्या ते शोधा. लोखंडी पत्रा ठोकर लागली की वाकतो आणि तसाच राहतो. फायबर वाकून परत येतं, आणि तेच पुन्हा पुन्हा झालं की ताण जिथे साठतो तिथे फाटतं. ताण तसाच ठेवून वरून कितीही सुबक काम केलं तरी पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी परत दिसेल.

तुमच्या वर्णनावरून मला साखळी अशी दिसते. कोपरा आधी उचलला गेला. तो खाली बसत नाही म्हणून कुणीतरी पिनांची उंची कमी करून बॉनेट दाबून बसवलं. पिनेचं काम बॉनेट जागच्या जागी धरून ठेवण्याचं, वाकडं बॉनेट ओढून सरळ करण्याचं नव्हे. तो सगळा जोर भोकाच्या कडेवर आला आणि चांदण्या पडल्या. म्हणजे पिनांभोवतीच्या भेगांचं मूळ त्या कोपऱ्यात आहे, आणि कोपरा सरळ होईपर्यंत भोकांना हात लावण्यात अर्थ नाही.

स्कूपच्या बुडाशी असलेल्या तड्याचं कारण बहुधा वेगळं असेल. आधी इंजिनाचे माउंट बघा. एवढं मोठं इंजिन जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एका अंगावर कलतं. माउंटचं रबर फाटलेलं असेल तर बरंच कलतं, आणि वरचा एअर क्लीनर बॉनेटला खालून धक्के देतो. तपासायची रीत सोपी आहे. एअर क्लीनरवर चार-पाच ठिकाणी मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे ठेवा, बॉनेट बसवून पिना लावा, परत काढा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. एखाद्या बाजूला माती कागदासारखी चपटी झाली असेल तर दोषी सापडला. दुसरं कारण माणसांच्या सवयीचं : बॉनेट उचलताना स्कूपच्या तोंडात बोटं घालून ते मुठीसारखं धरतात. तसं कुणालाही करू देऊ नका.

मग रंग काढायचा. त्याआधी साबणाच्या कोमट पाण्याने आणि नंतर ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने दोन्ही बाजू स्वच्छ करा. हा क्रम उलटा करू नका. आधी पॉलिश पेपर चालवला तर वर्षानुवर्षं बसलेलं तेल, मेण, सिलिकॉन चऱ्यांमध्ये घुसतं आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर येणारी बॉनेटची आतली बाजू तर तेल-पेट्रोलच्या वाफा पिऊन बसलेली असते. तिथे सॉल्व्हंटचं फडकं पांढरं राहीपर्यंत पुसत राहायचं. रंग काढायला साधा पेंट रिमूव्हर वापरू नका. मिथिलीन क्लोराइडवाले रिमूव्हर रंगाबरोबर रेझिनही मऊ करतात आणि तंतूंमध्ये शिरून राहतात. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्यांच्यावर २०१९पासून बंदीच आहे. वाळूचा मारा म्हणजे सँडब्लास्टिंग तर नकोच. मी दाढीच्या पात्यासारखं धारदार सरळ पातं लाकडी धारकात लावून रंग तासतो. पातं जवळजवळ आडवं धरायचं, एका दिशेने ढकलायचं, रंगाची ढलपी निघत जाते. वेळखाऊ आहे, पण खालचा पृष्ठभाग शाबूत राहतो. राहिलेलं ८० आणि १२० नंबरच्या पेपरने, हाताने.

जुनी लांबी मात्र पूर्ण काढा. अर्धवट ठेवलेल्या लांबीवर काम करणं म्हणजे वेळ वाया.

रंग दोन्ही बाजूंनी निघाला की मला या कामातला सगळ्यात आवडता भाग येतो. रात्री गॅरेजमधले दिवे बंद करा आणि बॉनेटच्या खालून तेजस्वी टॉर्च फिरवा. सलग फायबर मधासारखं, पिवळसर उजळतं. थर सुटलेला असेल तिथे पांढुरका डाग दिसतो. राहून गेलेली लांबी काळी दिसते, कारण तिच्यातून प्रकाश जात नाही. भेग वरून दिसते त्यापेक्षा आत किती पुढे गेली आहे तेही कळतं. बहुतेक वेळा ती दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. जे दिसेल त्याभोवती तिथल्या तिथे पेन्सिलने रेघ मारून घ्या, सकाळी ते आठवणार नाही. जिथे दोन थर एकमेकांवर चिकटवलेले आहेत तिथून प्रकाश जाणार नाही, तिथे नाण्याने टकटक करत जा. घट्ट जागेवर आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागेवर बद्द.

या तपासणीनंतर भेगांचे दोन गट पडतील. काही नुसत्या वरच्या थरातल्या, केसाएवढ्या, खालून काहीच न दिसणाऱ्या. काही आरपार. पहिल्या प्रकाराला भेगेच्या रेषेवर उथळ व्ही आकाराची खाच घासून पातळ काचकापड आणि रेझिन पुरतं. नुसती लांबी भरून चालत नाही, तिच्यात तंतू नसतात, ती ताण घेत नाही. दुसऱ्या प्रकारासाठी खरी दुरुस्ती लागते, आणि ती खालून करायची.

आता रेझिन. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत किंवा कोकणच्या बंदरांवर होड्यांचं फायबरचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर पॉलिएस्टर आणि मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) हीच जोडी येते. नवीन वस्तू घडवायला ती उत्तम आहे. पण पन्नास वर्षं जुनं, पूर्ण कडक झालेलं पॉलिएस्टर नव्या पॉलिएस्टरला रासायनिक रीतीने फारसं धरत नाही. पकड उरते ती खरखरीत केलेल्या पृष्ठभागाची. शिवाय पॉलिएस्टर कडक होताना आकारमानाने ५ ते ८ टक्के आकसतं, आणि दुरुस्तीची कड रंगाखालून रेघेसारखी उमटते. इपॉक्सी कमी आकसतं आणि जुन्या फायबरला घट्ट धरतं. म्हणून माझं उत्तर इपॉक्सी. जुन्या कॉर्व्हेटवर, म्हणजे फायबरच्या बॉडीच्या गाडीवर, काम करणारे बरेच जाणकार 'मूळ जे होतं तेच वापरा' असं म्हणत पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टरला (या दोन रेझिनांच्या मधलं तिसरं) चिकटून राहतात. व्हिनिलएस्टरला माझी हरकत नाही. साध्या पॉलिएस्टरला, या जागी, आहे.

इपॉक्सी घेतलंत तर साधी चॉप्ड मॅट घेऊ नका. मॅटमधले तुकडे धरून ठेवणारा चिकट पदार्थ स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो. पॉलिएस्टरमध्ये स्टायरिन असतं, इपॉक्सीत नसतं, त्यामुळे मॅट कडकच राहते आणि वळणावर बसत नाही. विणलेलं काचकापड किंवा दोन दिशांच्या तंतूंचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या. हार्डनरचं (रेझिन कडक करणाऱ्या दुसऱ्या भागाचं) प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, वजनकाट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून इपॉक्सीत हार्डनर वाढवला तर ते कधीच नीट कडक होत नाही. आणि मिशिगनच्या थंडीत, गॅरेज २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवता येत नसेल तर काम वसंतापर्यंत थांबवा.

पहिलं काम कोपऱ्याचं. बॉनेट गाडीवर ठेवा, पिना न लावता, आणि दोष बॉनेटचाच आहे का ते बघा. कधी फेंडर खाली बसलेला असतो, कधी रबरी टेकूंपैकी एकच जास्त उंच असतो. बॉनेटच वाकडं आहे असं ठरलं, तर कडेला फेंडरच्या रंगाला धक्का लागू नये म्हणून घोंगडी घाला, कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने हळूहळू दाबा आणि खालून-वरून हीट लॅम्पने तापवा. इन्फ्रारेड थर्मामीटर हातात ठेवा; ६० अंशांच्या आसपास पुरे. हीट गन एका जागी धरली तर रेझिन करपतं, मग ती जागा कापूनच काढावी लागते. हवं त्यापेक्षा थोडंसं जास्त दाबायचं, कारण थोडं परत येतंच. क्लॅम्प तसाच ठेवून रात्रभर थंड होऊ द्या. कोपरा सरळ राहिला की त्याच अवस्थेत, बॉनेट गाडीवर असतानाच, जिथे हात पोहोचतो तिथे खालून कापडाचे दोन थर द्या. त्या थरांनी आकार कायमचा धरला जातो. हे टेबलावर करू नका. टेबल सपाट असतं, तुमची गाडी नसते.

मग पिनांची भोकं. प्रत्येक भेगेच्या टोकाला, टॉर्चने दिसलेल्या खऱ्या टोकाला, ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भेग तिथेच थांबते. वरच्या बाजूला गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी पॅकिंग टेपने झाकून घट्ट बसवा. इपॉक्सी टेपला चिकटत नाही आणि वरचा आकार जसाच्या तसा राहतो. आता खालून ३६ किंवा ४० नंबरच्या चकतीने उतार घासा. उतार लांब हवा : जाडीच्या बारापट. फायबर ३ मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरपर्यंत. इथे हात आखडतो, कारण चांगलं फायबर घासून टाकतोय असं वाटतं. पण जोर एका थरातून दुसऱ्या थरात उतरतो तो या उतारावरूनच. आखूड उताराची दुरुस्ती कडेलाच सुटते. आधी नुसतं रेझिन ब्रशने चोळा, मग सगळ्यात मोठा कापडाचा तुकडा, त्यावर क्रमाने लहान. प्रत्येक तुकडा रोलरने दाबून हवा काढा. कापड पारदर्शक झालं की भिजलं. पांढरं दिसतंय तिथे हवा आहे. पिनेचं मूळ भोक पूर्ण भरून टाका आणि नंतर नव्याने पाडा, किंचित मोठं. खालून एक पातळ अ‍ॅल्युमिनियमची चकती इपॉक्सीने बसवली तर जोर पसरतो. स्पर्धेत गाडी न्यायाधीशांसमोर मांडायची असेल तर ही चकती दिसेल, तेव्हा तो निर्णय तुमचा. मी चालवायच्या गाडीला ती बसवतोच.

स्कूपच्या बुडाची रीत तीच, फक्त वळण आहे म्हणून कापड तिरकं कापा, तिरकं कापड वळणावर सुरकुतत नाही.

काचेची भुकटी आणि वाफा याबद्दल एकदाच, पण मनापासून सांगतो. घासताना पी-१०० फिल्टरचा मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि नंतर आधी थंड पाण्याने अंघोळ. रेझिनच्या वेळी मास्कला वाफा अडवणारा कार्ट्रिज. पॉलिएस्टर वापरलंतच तर त्याचा एमईकेपी हार्डनर डोळ्यात गेला की दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणि टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगात आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, त्यासाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारा लागतो. नसेल तर शेवटचा रंग शॉपमध्ये मारून घ्या.

इपॉक्सी कडक झाल्यावर त्यावर कधी कधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन काढा, सुकवा, मग ८०ने घासा. आता लांबी, तीही पातळ, सखल जागा समतल करण्यापुरती. कुठेही २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर आकार चुकलाय, मागे जा. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग जाड थराचा प्रायमर.

आणि इथे थांबा. प्रायमर मारलेलं बॉनेट स्वच्छ उन्हात काही दिवस ठेवा, पालथं-उताणं करत, खाली सलग आधार देऊन. काळं बॉनेट उन्हात हाताला चटका बसेल इतकं तापतं. त्या उष्णतेत रेझिन उरलंसुरलं कडक होतं आणि थोडं आकसतं, आणि मग काचकापडाची वीण, दुरुस्तीच्या कडा, सगळं वर उमटतं. हे रंग मारल्यावर झालं तर रंग उतरवावा लागतो. प्रायमरवर झालं तर लांब फळीला पेपर लावून घासलं की गेलं. घाईच्या लोकांची फायबरची कामं इथेच बिघडतात. उन्हानंतर गाईड कोट (उंचसखल जागा दाखवणारा पातळ रंगाचा फवारा) मारून १८०, ३२०, ४०० असं घासत जा. पाणी वापरलंत तर रंगाआधी पूर्ण सुकू द्या. उघड्या तंतूंमध्ये पाणी राहतं आणि नंतर फोड येतात.

मॅट काळा रंग सोपा वाटतो, तसा नाही. चकचकीत रंगापेक्षा तो लाटा जास्त लपवतो हे खरं, पण रंग मारल्यावर तो घासता येत नाही, पॉलिश करता येत नाही. धूळ बसली तर बसली. एखादी जागा परत मारली तर तिथली छटा वेगळी दिसते. म्हणून आख्खं बॉनेट एकाच दमात, गनचे फटके एकाच दिशेने, एकमेकांवर निम्मे चढवत. स्कूपच्या बाजूंवरची '४४० ६ बीबीएल' अक्षरं रंग पूर्ण वाळल्यावरच. जागेची मापं जुना रंग तासण्याआधीच, जुन्या अक्षरांवरून, कागदावर उतरवून घ्या.

परत बसवताना रबरी टेकू आधी जुळवा. बॉनेट चारही कोपऱ्यांवर नुसत्या स्वतःच्या वजनाने बसलं पाहिजे आणि फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. त्यानंतर पिनांची उंची अशी ठेवा की क्लिप दोन बोटांनी आत जाईल. क्लिप घालायला तळव्याने बॉनेट दाबावं लागत असेल तर पीन खूप खाली आहे, नट सोडून ती वर घ्या. बॉनेट काढायला नेहमी दोघे जण, दोन्ही बाजूंना, कडेखाली तळवे घालून. काढल्यावर ते भिंतीला तिरकं टेकवू नका. घोंगडी घातलेल्या दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) आडवं ठेवा, गाडीवर ते जसं बसतं तसंच, आणि हिवाळाभर ठेवायचं असेल तर गाडीवरच ठेवा.